मिठाच्या बरणीला टेकवून

मंगळवारी साडेचारला पोदेराचा भोंगा वाजतो
आणि पाव घ्यायला कोण जाणार यावरून
स्वयंपाकघरात रोजची कुरबुर सुरू होते.
मी त्यात नसते. मी दात शोधत असते.

एर्मेलिंदाबाईंचे, खालचे.
कधी रुमालात सापडतात, कधी प्रार्थनेच्या पुस्तकात, खूण ठेवल्यासारखे.
दातांशिवाय त्या मुलासमोर बसत नाहीत.
पावडर लागते. निळा झगा लागतो,
त्याच्या उजव्या खांद्यावर इस्त्रीचा डाग आहे
म्हणून टॅब मी जरा डावीकडून धरते.

राय गावातल्या या घरात पंधरा म्हातारी माणसं,
आणि नेट एकाच जागी, पाण्याच्या फिल्टरखाली.
तिथे खुर्ची. खुर्चीसमोर मी.
स्टँड मागच्या वर्षी मोडला,
तेव्हापासून स्टँड मीच.

सिस्टरनी वही घातली आहे: नाव, नातं, वेळ, मिनिटं.
पुंडलीक कुडतरकर, सून, चार मिनिटं.
बँकेत साहेबांशी बोलावं तसे बोलतात,
हो, हो, बरं आहे, गोळ्या आहेत.
शारदाबाय घाडींचा पणतू फोन घेऊन पळत सुटतो,
त्या छताच्या पंख्याला म्हणतात,
शंभर वर्षं जग रे माझ्या सोन्या.

एर्मेलिंदाबाईंचा नेल्सन स्विंडनला, गोदामात.
जेवलीस, मांय?
जेवले.
काय?
शीत-कढी.
ऐकू येतंय?
ऐकू येतंय. तुला?
वहीत मी लिहायचे सात मिनिटं,
त्यातली पाच ऐकू येण्याची.

एका मंगळवारी त्या म्हणाल्या, नेल्सन, बोलू नको.
मी लावला नसता तर आता काय करत असतास?
कांदा चिरत असतो.
मग चीर. मला ठेव तिथेच कुठेतरी.

त्यानं जागा शोधली. पडदा हलला,
छत, बाही, पुन्हा छत,
मग आम्ही मिठाच्या बरणीला टेकलो.
अर्धी पाठ दिसत होती, एक नळ,
आणि खिडकीत ऐन दुपारचा उजेड,
आमच्याकडे पहाटे असतो तसा.

सुरी चालली होती.
मोठा चिरतोयस, त्या एकदाच म्हणाल्या.
सुरीचा आवाज बारीक झाला.
बांगडा?
फ्रोझन, मांय.
सोलं दोन जास्त घाल मग.
माझा हात बधिर झाला, मी कोपर बदललं,
कढईत काहीतरी चरचरलं
आणि बाईंनी नाक वर केलं, खरंच केलं.

तो जेवला, पाठमोराच. जॅकेट घातलं,
दार लागल्याचा आवाज आला.
फोन बंद करायला विसरला होता.
(तो दुसरा, जुना फोन. कामावर नेत नाही, नंतर कळलं.)

आता नुसतं स्वयंपाकघर होतं.
ताट. बरणीच्या झाकणाची कड.
मी बोट लाल बटणाकडे नेलं,
त्यांनी ते धरून बाजूला केलं.
तिकडे नळ ठिबकत होता,
इकडे आमचा फिल्टर.
नीट बंद करत नाही तो, त्या म्हणाल्या, लहानपणापासून.

सिस्टरनी वही पाहिली. त्रेसष्ट मिनिटं?
एवढं काय बोलले?
कांदा, मी म्हटलं.

त्या रात्री आईला फोन लावला, कुडाश्याला.
म्हटलं, बोलू नको आई. चूल पेटव, मी ऐकते.
ती म्हणाली, चूल खाली आहे गो,
रेंज वर, काजूत.
आजारी आहेस काय?
नाही.
मग दोघी गप्प. रातकिडे तिच्याकडचे की माझ्याकडचे
कळत नव्हतं.
बॅटरी जातेय, म्हणाली, आणि ठेवला.

मी दात धुऊन पेल्यात घातले,
पेला फिल्टरशेजारी ठेवला,
उद्या शोधावे लागू नयेत म्हणून.
उद्या बुधवार आहे हे नंतर लक्षात आलं.